आजाऱ्याचा खाऊ

माणूस आजारी पडला की आमच्या गावात त्याच्या घरी बिस्किटांचे पुडे वाढू लागतात. फळीवर किती पुडे जमलेत ते बघावं आणि दुखणं केवढं आहे ते ओळखावं. साध्या तापाला कोणी काही आणत नाही. ताप लांबला तर शेजारून एक पुडा येतो. माणूस इस्पितळातून घरी आला असेल तर मात्र पुडे, टोस्ट, चकचकीत कागदातले केक, दुधात कालवायच्या पावडरीचे डबे यांची रीघ लागते. माझ्या लहानपणी बघायला येणारे शहाळं आणत, केळ्यांची फणी आणत, नाही तर भुशात ठेवलेली गावठी अंडी. आता शहाळी उतरवायला माडावर चढणारा शोधत फिरावं लागतं आणि पुडा वळणावरच्या दुकानात समोरच मांडलेला असतो.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. एखादी गोष्ट अशी का, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. माझा नवरा म्हणतो, ही मासा खात नाही, त्याची उत्तरीय तपासणी करते. तो एस.टी.चा ड्रायव्हर होता. मालवणहून कुडाळला आणि बांद्याला जाणाऱ्या रस्त्यांवरचं प्रत्येक वळण त्याला पाठ. मी त्याच्याशी बोलताना 'तुमी' म्हणते आणि लिहिताना 'तो' म्हणते. माझं लिखाण तो वाचत नाही, त्यामुळे संसार सुरळीत चालला आहे.

मे महिन्यात एकदा सुकतीच्या वेळी, पाणी ओसरल्यावर, तो खडकांवर कालवं काढायला गेला. कालवाच्या शिंपेला पात्यासारखी धार असते. उजव्या पायाच्या अंगठ्याला खालून चांगलंच कापलं होतं, पण त्याला पत्ताच नव्हता. घरी येऊन त्याने हात धुतले, कालवांचं भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं. फरशीवरचे लाल ठसे मी पाहिले. एवढं कापलं आणि दुखत कसं नाही, असं मी विचारलं, तर दुखत नाही हे काय वाईट आहे, असं त्याचं म्हणणं. त्याला मधुमेह होऊन काही वर्षं झाली होती. गोळी घ्यायची आणि विसरून जायचं, असा त्याचा त्या दुखण्याशी करार होता.

जखम भरेना, तेव्हा आम्ही कुडाळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तळव्याला टोकदार काहीतरी टोचून पाहिलं. नवरा शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. डॉक्टरांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"जखमेचं मी बघतो," ते म्हणाले, "साखरेचं तुम्ही बघा. साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर अंगठा ठेवता येणार नाही."

ड्रायव्हरला उजव्या पायाचा अंगठा म्हणजे काय, ते ड्रायव्हरच्या बायकोला सांगावं लागत नाही. तो गाडी चालवायचा थांबला होता, तरी खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय हलायचा, समोर गुरं आडवी आल्यासारखा.  परतीच्या बसमध्ये त्याने एकदाच खाली वाकून बँडेजकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसला. मला फार भीती वाटली. भीती वाटली की मी कामाला लागते.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात पोलीस झाले. साखरेचा डबा कपाटात गेला. चहा बिनसाखरेचा झाला. दारातल्या आंब्याच्या पेट्या भरून मुंबईला नातेवाइकांकडे रवाना केल्या. ऐन मोसमात आंबा सोडणं म्हणजे काय, ते कोकणी माणसालाच विचारावं, पण त्याने तो सोडला. फणसाचा वास आला की उठून मागच्या दारी जायचा. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला होता, म्हणून जेवणातला भात अर्ध्यावर आणला आणि सकाळची पेज पूर्ण बंद केली. पेज म्हणजे उकड्या तांदळाची, दहाच्या सुमाराला, बरोबर सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. लहानपणापासून त्याची ती चुकली नव्हती. ती भाताची म्हणून गेली. तिच्या जागी आजाऱ्याला हलकं काहीतरी म्हणून मी चहा आणि दोन बिस्किटं देऊ लागले. पुड्यावर गव्हाच्या ओंब्यांचं चित्र होतं. वर 'पचनाला उत्तम' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत होतं. मला ते पथ्याचं वाटलं.

साखर मोजायचं यंत्र घरी आणलं होतं. रोज सकाळी बोटाला सुई टोचायची आणि आकडा बघायचा. आकडा खाली येईना. एखाद्या दिवशी थोडा उतरायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मला राग येऊ लागला, आणि खरं सांगायचं तर मला गंमतही वाटू लागली. शाळेत प्रयोग चुकला की मुलं खट्टू व्हायची आणि माझे डोळे चमकायचे. कुठून तरी साखर आत शिरत होती. कुठून?

पहिला संशय अर्थातच नवऱ्यावर. मी गुळाच्या ढेपेवर सुरीने खूण केली. कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावल्या. तो दुपारी झोपला की त्याच्या शर्टाचे खिसे तपासले. खिशात सुपारी, चष्म्याचा रुमाल आणि एका जुन्या तिकिटाचं भेंडोळं निघालं. गुळावरची खूण जशीच्या तशी. रोज न चुकता मी विचारायची, "तुमी मधी काय खाल्ल्यात?" आणि तो सरळ माझ्या डोळ्यांत बघून सांगायचा, काही नाही. तो खोटं बोलत असेल तर त्याच्या डाव्या कानाची पाळी लाल होते. इतक्या वर्षांत एवढं तरी मला कळतं. पाळी लाल होत नव्हती.

कुडाळच्या डॉक्टरांनीही पुढच्या खेपेला तेच विचारलं. दिवसभरात काय काय खाता, सगळं सांगा. त्याने सांगितलं: सकाळी एक भाकरी, दुपारी थोडा भात, भाजी, आमटी, मासळी असेल तर मासळी, रात्री भाकरी. आणखी काही? नाही. मी शेजारी बसून मान डोलावत होते. आम्ही दोघांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यात एकही खोटा शब्द नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या.

मग आषाढ लागला. पावसामुळे मला बाहेर जाता येईना. शिवणाचं मशीन बाहेरच्या खोलीत आणलं आणि नवऱ्याच्या खाटेसमोर बसून जुन्या चादरींना टिपा घालू लागले. इतके दिवस पाहुणे आले की मी चहा करायला स्वयंपाकघरात असायची. आता शेजारची पोर चहा करून द्यायची, आणि मी पहिल्यांदाच आजाऱ्याला बघायला येणं हा सोहळा अथपासून इतिपर्यंत पाहिला.

माणूस येतो. छत्री दारात उघडी ठेवतो. पायाकडे बघून चुकचुकतो. आपल्या ओळखीत कोणाचा पाय कसा कापला, ते धीर देण्याच्या सुरात सांगतो. पुडा उशाशी ठेवतो. मग चहा येतो, आणि नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून उशाशी असलेलाच पुडा फोडून बशीत ठेवला जातो. इथे मोठा अडसर येतो. आजाऱ्याच्या घरचं आपण एकट्याने कसं खायचं? पाहुणा हात मागे घेतो आणि म्हणतो, "तुमी एक घेवा, मगे मी घेतंय." नवरा एक घेतो. पाहुणा एक घेतो. पाहुण्याचं संपलं की यजमान म्हणून नवरा बशी पुढे करतो, पाहुणा पुन्हा अडून बसतो, नवरा पुन्हा एक घेतो. माणूस गेला की बशी तिथेच राहते, कारण इतक्यात दुसरी छत्री दारात उघडलेली असते.

मी टिपा घालायची थांबले. एका पावसाळी सकाळी एवढी माणसं आली आणि प्रत्येकाबरोबर त्याने खाल्लं. प्रत्येकाला वाटलं, एकच तर खाल्लं. त्यालाही वाटलं, एकच तर खाल्लं. आणि दुपारी मी विचारलं, मधे काय खाल्लंत, तेव्हा तो म्हणाला, काही नाही. कान अगदी स्वच्छ. आमच्याकडे खाणं म्हणजे ताटावर बसून खाल्लेलं. बाकी सगळं चहापाणी. ते पोटात जातं, पण हिशेबात येत नाही. गोड म्हणजे लाडू, शिरा, खीर, तांदळाच्या शिरवाळ्यांबरोबरचा नारळाचा गोड रस. बिस्किटाला गोड म्हणावं हे कोणाच्या मनातच येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जितकं दुखणं मोठं तितकी माणसं जास्त, आणि जितकी माणसं जास्त तितकी साखर वर. लोकांची मायाच यंत्रावर आकडा होऊन दिसत होती.

चोर सापडला. पण चोराची ओळख मला नव्हती. इतकी वर्षं घरात येणारा हा पदार्थ आहे तरी काय? मी नवऱ्याचं भिंग घेतलं आणि फळीवरचे पुडे एकेक करून वाचायला बसले. ती अक्षरं ज्याने छापली त्याला ती कोणी वाचावीत असं वाटत नसावं. ओंब्यांच्या चित्राच्या पुड्यात मैद्याच्या पाठोपाठ साखर होती. ठीक. पण पुढे सिरप होतं, मग आणखी एक सिरप, मग माल्ट. वर्गात एकच पोरगा वेगवेगळे आवाज काढून तिघांची हजेरी लावायचा, त्याची मला आठवण झाली. खारट म्हणून आणलेल्या बिस्किटांतही साखर. सॉसच्या बाटलीत साखर. झटपट शेवयांच्या मसाल्याच्या पुडीत साखर. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून आणलेल्या पावडरीच्या डब्यात तर साखरेला पावडर लागलेली. 'साखर नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक पुडा सापडला. त्यात साखर खरंच नव्हती. मैदा होता, तेल होतं आणि ज्यांची नावं मला विज्ञान शिकवूनही वाचता येईनात अशा काही गोष्टी होत्या.

नवरा खाटेवरून हे सगळं बघत होता. त्याने विचारलं, परीक्षेला बसतेस काय. मी म्हटलं, पेपर तपासतेय.

मग मी प्रयोग केला. ओटीवर एका ओळीत पाच पानं मांडली. एकावर गूळ, दुसऱ्यावर भाकरीचा तुकडा, तिसऱ्यावर क्रीमचं बिस्किट, चौथ्यावर ओंब्यांचं पथ्याचं बिस्किट, पाचव्यावर उकडा भात. मुंग्या आमच्याकडे बोलवाव्या लागत नाहीत. गुळावर आल्या, ते अपेक्षित होतं. त्यानंतर क्रीमच्या बिस्किटावर आणि पथ्याच्या बिस्किटावर सारख्याच उत्साहाने तुटून पडल्या. पुड्यावरचं चित्र त्यांना वाचता येत नसल्यामुळे त्यांची फसवणूक झाली नाही. भाताकडे त्या उशिरा गेल्या, भाकरीकडे त्याहून उशिरा.

केकचं कोडं याहून मोठं होतं. आषाढात आमच्या घरात सगळ्याला बुरशी येते. नवऱ्याच्या चामड्याच्या चपलांना पांढरी लव आली होती, माझ्या पर्सला हिरवट, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यालासुद्धा. मी कागदातला एक केक उघडून फळीवर ठेवला. चपला दोनदा पुसल्या, पुन्हा बुरशी आली. केक होता तसाच, मऊ, पिवळाधमक. रोज सकाळी मी त्याला बोटाने दाबून बघायची, तो खाली जायचा आणि परत वर यायचा. बुरशीलासुद्धा जे खावंसं वाटत नाही ते आपण आजारी माणसाला प्रेमाने भरवतो, हे मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, बुरशीला तुझ्या हातचं काय आवडतं ते विचार.

शेवटी मी स्वतः एक बिस्किट लक्ष देऊन खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदाच. चहात न बुडवता, दुसरं काही न करता. दातांना कामच पडलं नाही. जिभेवर ठेवलं आणि त्याचं पीठ झालं, आणि ते गिळायच्या आत हात दुसऱ्याकडे गेला. माझाच हात, आणि मला न विचारता. पेज पितो तेव्हा असं होत नाही. ती गरम असते, फुंकर घालावी लागते, उकड्या तांदळाचं शीत चावावं लागतं, बांगड्याचा काटा बाजूला काढावा लागतो. एका वाटीला चांगला वेळ जातो आणि मग दुपारपर्यंत भूक लागत नाही. बिस्किटांनंतर तासाभराने नवऱ्याची चुळबुळ सुरू व्हायची, ती का, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग पेन खाली ठेवून म्हणाले की बिस्किटांबद्दल त्यांना कोणी सांगतच नाही. वाटीभर पेज, बरोबर मासळी किंवा उसळ, खुशाल द्या, पण हे पुडे घराबाहेर काढा. आता सांगितलंत ते बरं झालं, एवढंही म्हणाले. अंगठ्याचा रंग त्यांना आवडला नव्हता. आता झपाट्याने साखर उतरली पाहिजे, असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

पुडे घराबाहेर काढणं वाटतं तितकं सोपं नाही. पूर्वीपासून जास्तीचे पुडे आम्ही दुसऱ्या आजाऱ्याला बघायला जाताना नेत आलो. सगळेच नेतात. मागे मी गंमत म्हणून एका पुड्याच्या तळाशी पेन्सिलीने बारीक फुली करून तो मनगट मोडलेल्या एका बाईकडे दिला होता. तो पावसाळ्यात आमच्याकडेच परत आला, तिसऱ्याच माणसाच्या हातून, मोठ्या आपुलकीने. म्हणजे न फोडलेला पुडा गावभर फिरत असतो, आणि कुठल्या तरी आजाऱ्याच्या उशाशी फुटला की तिथे त्याचा प्रवास संपतो. आता माझे पुडे मी कोणाच्या उशाशी नेऊन ठेवायचे? मी ते गोठ्याच्या माळ्यावर टाकले.

येणाऱ्यांना मी भाजलेले चणे आणि बिनसाखरेचा चहा देऊ लागले. कधी ओल्या खोबऱ्याचे तुकडे. लोक बशीकडे बघायचे, मग माझ्याकडे. कोणी तोंडावर बोललं नाही. वळणावरच्या दुकानात मात्र बोललं गेलं, की बाईंना पेन्शन मिळते तरी आजाऱ्याच्या घरी चहाबरोबर चणे देतात. माणसं थोडी कमी झाली. नवरा गप्प गप्प झाला. खाटेवरच्या माणसाला माणसं लागतात, हेही मी शिकले. पण यंत्रावरचा आकडा हलला. आठवडाभर तो रोज थोडा खाली येत होता, आणि मी रोज सकाळी तो त्याला मोठ्याने वाचून दाखवायची.

अशात बांद्याहून माझी थोरली नणंद आली. दोन बस बदलून, भर पावसात, खांद्याला एवढी मोठी पिशवी. वय झालंय, गुडघे दुखतात, पण भावाचा पाय बरा नाही म्हटल्यावर ती घरी बसणारी नव्हे. ओल्या साडीनेच ती त्याच्या खाटेवर बसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कसो सुकलंस रे." मग पिशवी उघडली. बांद्याच्या बाजारात गोव्याकडून काय काय येतं. केक, जेलीची बिस्किटं, चॉकलेट लावलेल्या कांड्या, आणि दोन डबे ताकदीच्या पावडरीचे.

मी तिला समजावलं. अगदी शांतपणे, वर्गात समजवायची तसं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक बिस्किट त्याच्या ओठांशी नेलं. "येवढासा बिस्कीट," ती मला म्हणाली, "ता काय करतला गो?" आणि त्याने तोंड उघडलं.

ती चार दिवस राहिली. ती असेपर्यंत मी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. एकदा ती आंघोळीला गेली असताना मी त्याच्यावर तडकले. अंगठा त्याचा होता की माझा? आंबा सोडलात, फणस सोडलात, आणि हे सोडवत नाही? त्याने चादरीवरचे बिस्किटाचे कण झटकले. मग म्हणाला, "तिका नको म्हणूक माका जमणा नाय."

का, ते मला माहीत होतं. सासूबाई तो लहान असतानाच गेल्या. या बहिणीने त्याला वाढवलं, तेव्हा तीही पोरच होती. जत्रेला शेजाऱ्यांबरोबर जायची, वाट्याला आलेला खाजा परकराच्या ओच्यात बांधून घेऊन यायची आणि तो त्याला द्यायची. गुळात घोळलेल्या त्या काड्या वर्षातून एकदाच. तो चोखत चोखत दोन दिवस पुरवायचा. तिने स्वतः कधी खाल्ला का, हे त्याने मोठा झाल्यावर तिला विचारलं होतं, आणि तिला आठवत नव्हतं. मला इथेच खरं कुतूहल वाटतं. देणारी तीच, घेणारा तोच, माया तीच. खाजा वर्षातून एकदा यायचा तोवर त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. दुकानं वळणावर आली, आणि जत्रा रोजची झाली. तिला हे कसं सांगायचं? तिने तर आयुष्यभर एकच काम चोख केलं होतं.

ती गेल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. साखर उतरली, चांगली उतरली. पण जखम चिघळायची थांबली नव्हती. श्रावण लागता लागता अंगठा काळा पडला आणि डॉक्टरांनी तो काढला. दुसरा इलाज नव्हता. आधी कळलं असतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मीही मुलांना हेच शिकवायची की एका उदाहरणावरून नियम काढू नये. इस्पितळाच्या मोरीत जाऊन नळ सोडून मी रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले. तो शुद्धीवर आला तेव्हा त्याने पहिली चौकशी केली ती ब्रेक दाबता येईल का याची. कुठल्या गाडीचा, असं मी विचारलं नाही.

घरी आलो आणि पुन्हा छत्र्या उघडू लागल्या. पुड्यांनी फळी भरली. आता इस्पितळ झालं होतं, म्हणजे दुखणं मोठं. तिसऱ्या दिवशी नणंद आली, तीच पिशवी घेऊन.  या खेपेला त्याच्या पायाकडे तिने बघितलं नाही. खाटेच्या कडेला बसून तिने पुडा फोडला आणि एक बिस्किट काढून त्याच्यापुढे धरलं. मी दारात उभी होते. तोंड उघडायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

त्याने ते बिस्किट तिच्या हातातून घेतलं. पुन्हा पुड्यात घातलं. पुडा नीट दुमडून तिच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद बांधले.

"ताय," तो म्हणाला, "माका आता नऊच बोटां रवली."

 मला वाटलं, ती उठून जाईल. ती उठली, पण खाटेच्या पायथ्याशी गेली, गुडघे दुखत असताना खाली फरशीवर बसली आणि बँडेज बांधलेला त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून तिने आपल्या मांडीवर घेतला. थोरल्या बहिणीला पाय लागला तर आमच्याकडे माणूस चटकन वाकून नमस्कार करतो. तो दचकून उठायला लागला. तिने पाय सोडला नाही.

"मगे मी तुका काय देव रे?" तिने विचारलं.

तो पुन्हा उशीला टेकला. पाय त्याने ओढून घेतला नाही. दुपारचं जेवण वाढायला झालं तरी ती दोघं तशीच बसली होती, आणि मी त्यांना हाक मारली नाही.